दहा माणसांचं जेवण

सावली, जिल्हा चांदा
२१ जानेवारी १९५७

प्रिय जैबुन,

हे पत्र हाती पडलं की पोरांना अंगणात पाठव, चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव आणि मग बसून वाच. पत्र लांब आहे. वाईट बातमी नाही हे आधीच सांगते, कारण इतकं जाड पाकीट पाहून तुझ्या काळजात धस्स होणार हे मला ठाऊक आहे. दस्तगीरभाऊंना मागाहून खुशाल दाखव, पण पहिल्यांदा तू एकटीने वाच.

इकडचं बरं आहे. धान घरात आलं. माझी मुलींची शाळा यंदा सातवीपर्यंत गेली. नोव्हेंबरात आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो म्हणे. शाळेच्या कागदांवरचे शिक्के बदलले, फळा तोच आहे, आणि आपल्यासारख्या पाटीवरून भांडणाऱ्या दोन मुली दरवर्षी पहिल्या रांगेत असतातच. त्यांना रागावताना मला हसू येतं आणि आमचे हे म्हणतात की गोकुळाबाई शाळेतही जैबुनशीच बोलत असतात. दसऱ्याचं तुझं पत्र मला दिवाळीनंतर मिळालं. धाकटीचे दात आले, मोठा दस्तगीरभाऊंच्या मागे जंगलात जायला रडतो, पर्लकोटा नदीचं पाणी यंदा भामरागडात तुमच्या अंगणापर्यंत आलं होतं, हे सगळं वाचलं. नेहमीसारखं त्यातही तुझ्या अब्बांबद्दल अक्षर नव्हतं. मीही आठ वर्षांत त्यांच्याबद्दल तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी इच्छा नव्हती. आज मात्र मी त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे, आणि तू पत्र अर्ध्यावर मिटायचं नाहीस.

आठ वर्षांपूर्वी निकाहाच्या त्या दिवशी तू पडद्याच्या आत होतीस. आत काय झालं ते तुला माहीत आहे. तुझ्या बाजूने बोलणारा वकील आणि दोन साक्षीदार विचारायला आले, वरोऱ्याच्या तुझ्या आतेभावाचं नाव घेऊन त्यांनी कबूल आहे का म्हणून विचारलं, आणि तू नाही म्हणालीस. त्यांना वाटलं पोरगी लाजून काहीतरी पुटपुटली, म्हणून पुन्हा विचारलं, आणि तू पुन्हा नाही म्हणालीस, तेही मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. बाहेरचं मी पाहिलं. वरोऱ्याची माणसं वाढलेल्या ताटांवरून उठली. मुलाची आई, तुझी फुफी, तुझ्या अब्बांना, करामतचाचांना म्हणाली, भावा, आज तू मला भर मांडवात उघडं पाडलंस. चाचा उठले. घरात गेले, कोनाड्यातलं कुराण काढलं, हिरवं कापड सोडलं आणि दारात येऊन, सगळ्यांच्या देखत त्यावर हात ठेवला. म्हणाले, "खुदाची कसम, या किताबाची कसम. आजपासून या पोरीच्या घरी पाय ठेवणार नाई. तिच्या हातचा घास खाणार नाई." इतकंच. आवाज चढवला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तुला आठवत असेल, त्या किताबाचा आपल्या गावात केवढा दरारा होता. डोमा ढिवराचं जाळं तलावावरून गेलं तेव्हा त्याने पत्रूवर आळ घेतला, आणि पंचांनी चाचांना कुराण घेऊन बोलावलं. पत्रू ढिवर हिंदू, पण किताब नुसती जवळ आणली तर जाळं कुठे पुरलं ते त्याने सांगून टाकलं. तेव्हापासून लोक म्हणत की कुराण उचलून खोटं बोललं तर माणूस आंधळा होतो, आणि त्यावरची शपथ मोडली तर वंश बुडतो. आमच्या शाळेतले मास्तरही सांगत की त्यांच्या धर्मात शपथेला प्रायश्चित्तच नाही, एकदा घेतली की मेल्यावरच सुटते. मीही तेच धरून चालले. पण खरी गोष्ट ही की चाचाही तेच धरून चालले होते. ज्यांच्या घरात ती किताब रोज वाचली जायची त्यांनाही तिच्याबद्दल तेवढंच माहीत होतं जेवढं पत्रू ढिवराला.

मग तू मामूंकडे आल्लापल्लीला गेलीस, वर्षभरात दस्तगीरभाऊंशी तुझा निकाह झाला, आणि तुझी अम्मी, आमच्या हलीमाचाची, श्रावणात गेल्या तेव्हा नद्यांना पूर होता. तुला बातमी पोचली तेव्हा कबरेची मातीही सुकली होती. त्यानंतरचे चाचा तू पाहिले नाहीस. पिंजणकाम चालूच आहे. थंडी लागली की खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव जातात, अंगणात बसून गाद्या-उशांचा कापूस पिंजतात, तार वाजत असते आणि ते आपलं पाठ असलेलं कुराण हळू आवाजात म्हणत असतात. पण छातीत कापूस बसला आहे. दोन वर्षांपासून खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले धंदा सोडा, चाचा म्हणाले मग करू काय. पावसाळ्यात दर आठवड्याला माझ्या दारावरून जाताना विचारतात, "गोकुळा, भामरागडचा पूर उतरला का?" जणू काही त्यांना तिथला तांदूळ विकत घ्यायचा आहे. मी उतरला म्हटलं की मान हलवून पुढे जातात. तुझं नाव घेत नाहीत.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. ते तीनदा आल्लापल्लीला येऊन गेले. तिथे पिंजायला घरं मिळतात असं सांगून जायचे. खरं तर बांबूचे ट्रक जिथे थांबतात त्या नाक्यावर बसून राहायचे. शपथ घराची घेतली होती, हातच्या घासाची घेतली होती. बाजारात लांबून पाहण्याची घेतली नव्हती. तू कधी आठवडी बाजाराला उतरलीस तर दिसशील, एवढाच हिशेब. तू दिसली नाहीस. हे मला मामूंकडून कळलं, आणि मी ते चाचांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी जाणंच सोडलं असतं.

या कार्तिकात ते आमच्याकडे गाद्या पिंजायला आले. खोकल्याची उबळ आली, पिंजण खाली ठेवून पायरीवर बसले. मी पाणी दिलं. मग आठ वर्षांत पहिल्यांदा तुझा विषय त्यांनी स्वतः काढला. मी म्हटलं, चाचा, तिलाच इकडे बोलवा ना, तिने तुमच्या घरी न येण्याची कसम थोडीच आहे. ते म्हणाले, "मीच तिले हाकललं, आन् आता मीच बोलावू? कोनत्या तोंडानं? जायचं त मीच गेलो पाहिजे बाई. पन माझे पाय त्या किताबानं बांधून ठेवले. अल्ला तिच्याकडे पाठवत नाई मले." मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आपल्या लहानपणी मला ताप आला की हाच माणूस दारात उभा राहून माझ्यावर दुवा फुंकायचा आणि आईला सांगायचा, घाबरू नोको, अल्ला मायेपेक्षा मायाळू आहे. तोच अल्ला आता बापाला लेकीकडे जाऊ देत नाही असं ते म्हणत होते. मला काही ते पटेना. पण मी कोण बोलणारी, मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

पौषात आम्ही वडशाला नणंदेकडे नाटकं पाहायला गेलो. तिच्या घरामागे रेल्वेचे क्वार्टर आहेत. तिथे तय्यबा आपा म्हणून एक बाई राहतात, त्यांचे यजमान गाडीवर गार्ड होते. आपा साठीच्या असतील. वडिलांपाशी अरबी आणि उर्दू शिकल्या, आता क्वार्टरमधल्या मुलींना कुराण शिकवतात, आणि नुसतं पाठ करून घेत नाहीत, अर्थही समजावतात. विहिरीवर ओळख झाली. दोन दिवस मी इकडचं तिकडचं बोलले आणि तिसऱ्या दिवशी विचारून टाकलं की आपा, कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडता येते का. त्यांनी बादली खाली ठेवली आणि मलाच विचारलं, शपथ कशाची आहे, चांगलं करण्याची की न करण्याची. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना माझ्याकडे घेऊन ये, हे तुझ्या तोंडून त्यांना पटणार नाही, आणि माझ्याही तोंडून पटायला नको, किताबातून पटलं पाहिजे.

मी चाचांना खोटं सांगून वडशाला नेलं. म्हटलं, एका घरी चार गाद्यांचा कापूस पिंजायचा आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, आपांनी खरंच चार गाद्या उसवून ठेवल्या होत्या. अंगणात ऊन होतं. चाचांनी पिंजण टांगलं, काम सुरू केलं आणि सवयीने म्हणू लागले. आपा दारात पाटावर बसून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, सुंदर म्हणता, पण या ओळींचा अर्थ काय? (आपा हिंदुस्थानी बोलत होत्या, मी तुला आपल्या बोलीत लिहिते.) चाचा म्हणाले, "अर्थ अल्लाले मालूम. माझं काम पढाचं." आपा म्हणाल्या, चिठ्ठी आली आणि ती नुसती सुरात वाचली, तर पाठवणाऱ्याला काय वाटेल? चाचा हसले. तेव्हा त्या म्हणाल्या की ही गोकुळा सांगत होती, तुम्ही एक कसम घेतली आहे. तार वाजायची थांबली. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हे माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. ते उठले आणि पिंजण सोडायला लागले. आपा जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, तिसरी गादी अर्धी झाली आहे, अर्धा पिंजलेला कापूस टाकून जाणारा पिंजारी मी अजून पाहिला नाही. चाचा उभे राहिले, मग खाली बसले.

आपांनी त्यांची किताब आणली, लाकडी रेहलवर ठेवली. त्यात वर अरबी आणि खाली बारीक उर्दूत अर्थ आहे. त्यांनी पहिली ओळ सुरू केली तर चाचांनी ती तोंडातून काढून घेतली आणि पुढचं सगळं घडाघड म्हणून दाखवलं, न बघता. आपा थांबल्या. ते म्हणून झाल्यावर खालचा अर्थ त्यांनी सावकाश वाचला. चांगलं वागायचं, माणसांत समेट करायचा, ते टाळण्यासाठी आपल्या शपथांच्या आड अल्लाचं नाव उभं करू नका. मग पानं उलटून दुसरी जागा काढली. तीही चाचांना पाठ होती. तिचा अर्थ असा की नकळत तोंडातून गेलेल्या शपथांसाठी तो तुम्हाला धरणार नाही, पण मनापासून बांधलेली शपथ मोडलीत तर तिची भरपाई करा. दहा गरजवंतांना जेवू घाला, घरच्यांना तुम्ही जे साधारण खाऊ घालता तसं. नाहीतर त्यांना कपडे द्या. ज्याला काहीच जमणार नाही त्याने तीन दिवस रोजे धरावेत. आणि आपल्या शपथा जपा.

चाचा म्हणाले, पुन्हा वाचा. आपांनी पुन्हा वाचलं. मग ते हाताला चिकटलेला कापूस काढत राहिले. शेवटी म्हणाले, "हे त मी दरसाल पढतो आपा. हर रमजानात अख्खी किताब एक डाव. आठ साल पढून राह्यलो. माझं बोट या ओळीवरून गेलं आहे." जैबुन, त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. एखाद्याने रोजच्या वाटेवर आपली हरवलेली वस्तू पाहावी आणि ती कोणीच लपवली नव्हती हे त्याच्या लक्षात यावं, तसा तो आवाज होता.

पण ते इतक्यात मानणारे नाहीत, तुझेच वडील आहेत. म्हणाले, "इतकं सोपं रायते का? मंग कोनीबी कसम खाईन, दहा मानसं जेवू घालून मोडीन. खुदाच्या नावाले मोलच का राह्यलं?" आपा म्हणाल्या, म्हणून तर शेवटी लिहिलं आहे की शपथा जपा, ऊठसूट खाऊ नका. पण घेतलेली शपथ माणसाला वाईटात अडकवून ठेवायला लागली तर बाहेर यायला दार ठेवलं आहे. दार आहे म्हणून घर मोडकं होत नाही. किताब वाचायला असते करामतभाई, पंचांपुढे ठेवून लोकांना घाबरवायला नसते. मग त्यांनी विचारलं, पोरीने केलं तरी काय होतं? चाचा म्हणाले, "भर निकाहात नाई म्हन्ली. दीन-धरम बुडवला माझा." आपांचा पुढचा प्रश्न, तिला विचारलं होतं का? "विचारतेच नं. वकील आन् दोन गवाह गेले होते." आपा म्हणाल्या, हो म्हणायलाच लावायचं होतं तर विचारलं कशाला?

मग आपांनी त्यांना नीट समजावलं की मुलीच्या होकाराशिवाय निकाहच होत नाही, बायकांवर जबरदस्तीने हक्क सांगू नका असं याच किताबात आहे, तिला विचारायचं ते ती नाही म्हणू शकते म्हणूनच. आपल्याकडे लोकांनी तो नुसता रिवाज करून टाकला, दोन माणसं पडद्यापाशी जाऊन येतात आणि बाहेर येऊन हो झालं म्हणतात. तुमच्या मुलीने दीन बुडवला नाही, त्या मांडवात दीनाप्रमाणे वागलेली ती एकटीच होती. चाचा उठले. मला वाटलं निघाले. पण त्यांनी पिंजण हातात घेतलं आणि चारही गाद्या पुऱ्या केल्या, दुपार कलेपर्यंत, पहिल्यांदाच तोंडाने काही पाठ न म्हणता. मूल स्टेशनपर्यंत आगगाडीने आलो आणि पुढे बैलांच्या खाचरातून. माझ्या दाराशी उतरले तेव्हा म्हणाले, "गोकुळा, पोरगी त कायद्यानं बोल्ली होती. मंग मी कसम कोनाच्या वतीनं खाल्ली?"

नंतर आठ-दहा दिवस मशिदीत खल चालला होता. मुल्लाजी आधी म्हणाले की कफ्फारा, म्हणजे ही भरपाई, मलाही माहीत आहे, पण ती साध्या कसमेची, किताबावर हात ठेवल्यावर नाही चालत. चाचांनी विचारलं, असं किताबात कुठे लिहिलं आहे ते दाखवा. मुल्लाजींनी दोन दिवस शोधलं. भला माणूस आहे, तिसऱ्या दिवशी घरी येऊन सांगून गेला की सापडत नाही. मग दुसरा प्रश्न निघाला, दहा माणसं आधी जेवू घालायची की शपथ मोडल्यावर. चाचांना आधीच घालायची होती, म्हणजे हात मोकळे करून निघता येईल. आपांनी निरोप पाठवला की काही मोठे इमाम आधीही चालतं म्हणतात, पण आपल्याकडे ज्यांचं मानतात ते म्हणतात आधी मोडा, मग भरा. मोडलंच नाही तर भरपाई कशाची. दोन्ही बाजूंच्या इमामांनी तीच ओळ वाचली आहे. चाचांनी त्यावर एक अख्खा दिवस विचार केला. मी भाजी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "आधी मोडाचं. भेव घेऊनच तिच्या दारात पाय टाकतो. मले पोरीले हाकलल्याची सजा नाई झाली अजून, एवढी त झाली पाहिजे." अजूनही त्यांना आंधळं होण्याची भीती वाटते, जैबुन. आयुष्यभर ऐकलेलं एका दुपारीत जात नाही. तरी ते निघाले आहेत.

हो, ते तुझ्याकडे येत आहेत. या शुक्रवारची नमाज झाली की शनिवारी व्याहाडच्या घाटावरून डोंग्याने वैनगंगा ओलांडतील, गडचिरोलीहून आल्लापल्ली, आणि तिथून मामू बांबूच्या ट्रकवर बसवून देणार आहेत. परवा त्यांनी मला पोरांची नावं विचारली, पहिल्यांदाच. मी सांगितलं, मोठा कासीम, आणि धाकटीचं नाव तिने हलीमा ठेवलं आहे. ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने दोन बारक्या दुलया घेऊन बाहेर आले, त्यांची लांबी पुरेल का म्हणून विचारायला. मला म्हणाले होते की पोरीला कळवू नको, "तिले नाई म्हनाचं असन त माझ्या तोंडावर म्हनू दे. मागच्या वेळी मी ऐकलं नोतं, या वेळी ऐकीन." तरी मी कळवते आहे, टपालाला उशीर होतो म्हणून हे पत्र उद्याच आल्लापल्लीला निघालेल्या माणसाच्या हाती देते, आणि कळवण्याचं कारण फक्त मला आणि तुला माहीत आहे. गाव सोडून जाताना त्याच घाटावर तू डोंग्यात बसायच्या आधी माझा हात धरून म्हणालीस, खुदा कसम गोकुळा, हा माणूस मरायला टेकून माझ्या दारात आला तरी मी त्याला उंबरठा ओलांडू देणार नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही, आपांनाही नाही, आणि आठ वर्षं तू त्यांचं नाव का लिहीत नाहीस हे मला कळत होतं. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं. जी ओळ त्यांच्यासाठी आहे ती तुझ्यासाठीही आहे. तुला राग धरायचा हक्क आहे, तो मी मागत नाही. त्यांना ऐकवायचं ते सगळं ऐकव. पण आत घेऊन ऐकव. ते तुझ्या दारात थांबतील, कारण स्वतःहून आत येण्याची हिंमत त्यांच्यात उरलेली नाही. तू हात दिलास तर एकाच पावलात दोघांच्या शपथा मोडतील. मग शेजारपाड्यावरच्या गरजवंतांना सांगावा धाड आणि घरात रोज शिजतं तेच, भात आणि अंबाडीची भाजी, मोठ्या हंड्यात चढव. पत्रावळीची पानं तोडायला दस्तगीरभाऊंना आदल्या दिवशीच पाठव. दहा त्यांचे आणि दहा तुझे, वीस पानं मांडावी लागतील.

वैनगंगेच्या या काठावरून तुमच्या दोघांची वाट पाहणारी,
तुझीच
गोकुळा